फोटो, फलक आणि दोन आठवड्यांचा खोकला: बेळगावातल्या एका छोट्या संस्थेचं प्रकरण

डिसेंबर २०२२ चा दुसरा आठवडा. बेळगावजवळच्या हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर सीमावादावरून महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक होऊन काही दिवस झाले होते. दोन्ही राज्यांच्या बसेस कधी सुटतील, कधी थांबतील याचा नेम नव्हता. बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरायचं होतं, म्हणून चौकाचौकात पोलीस. त्या संध्याकाळी आमच्या संस्थेतल्या एका कार्यकर्त्यांनी, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, मला मोबाइलवर एक स्क्रीनशॉट पाठवला.

फोटो आमचाच होता. सहा बायका, दोन पुरुष, हातात शेंगदाणे, गूळ आणि तूरडाळीच्या पिशव्या. खाली पुण्यातल्या देणगीदार मंडळाची ओळ होती: ‘सीमाभागातील मराठी क्षयरुग्णांना महाराष्ट्राचा मदतीचा हात.’ त्याच्याखाली कुणीतरी कन्नडमध्ये लिहून तो पुढे पाठवला होता: इथे राहून हे लोक कुणासाठी काम करतात ते बघा.

अण्णांची घरची भाषा कन्नड, बैलहोंगलकडची. त्यांनी फोन केला आणि एवढंच विचारलं, ‘अक्का, त्या फोटोतल्या आठ जणांत मराठी किती आहेत?’

मी मोजले. तीन.

पुढच्या अडीच वर्षांत आम्ही बोलण्याची, लिहिण्याची, फलक लावण्याची जवळजवळ प्रत्येक रीत बदलली. ती गोष्ट सविस्तर लिहून ठेवते आहे, कारण सीमेवरच्या गावांत काम करणाऱ्या संस्थांना हा प्रसंग आज ना उद्या येतोच. आणि तो आल्यावर पहिले काही दिवस जे करू नये नेमकं तेच आम्ही केलं.

संस्था आणि तिचं काम

शहापुरात भाड्याच्या दोन खोल्या, हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढी माणसं. वडगाव, खासबाग, अनगोळ इथल्या विणकरांच्या गल्ल्या आणि खानापूर तालुक्यातली काही गावं, एवढं आमचं क्षेत्र. क्षयाचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत होतात, औषध देणारे आम्ही नव्हे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असलेल्या माणसाला थुंकीच्या तपासणीपर्यंत न्यायचं, निदान झालं की सहा महिने गोळ्या चुकू द्यायच्या नाहीत, घरच्यांना समजवायचं, ताट-वाटी वेगळी करून सुनेला कोपऱ्यात बसवू नका म्हणून सांगायचं, हे आमचं काम. थोडक्यात, आम्ही फक्त बोलतो. बोलणं बंद पडलं की आमच्याकडे द्यायला दुसरं काही उरत नाही.

आणि बोलायचं कुठल्या भाषेत? २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४७ लाख ७९ हजारांच्या वर होती. सगळ्या जिल्ह्यात मराठी मातृभाषेचे लोक पाचव्या हिश्शाहून थोडे कमी, पण बेळगाव शहर आणि खानापूर तालुक्यात हे प्रमाण पुष्कळ जास्त. वडगावच्या एका गल्लीत मागावर बसलेला नवरा कन्नड, शेजारीण मराठी, समोरचं घर दखनी उर्दू बोलणारं. आमच्याकडची बाई एका वाक्यात दोन भाषा आणते आणि तिला ते कळतही नाही. खोकल्याला कन्नडमध्ये केम्मु, गोळीला गुळिगे. ‘क्षयरोग’ हा शब्द मात्र दोन्हींत एकच. कधीतरी हे लक्षात आलं तेव्हा मला उगाच धीर आला होता.

‘मराठी रुग्ण’ हे शब्द कुणाचे?

त्या रात्री सगळ्यांचा राग पुण्याच्या मंडळावर होता. त्यांनी विचारल्याशिवाय फोटो टाकलाच कसा? दुसऱ्या दिवशी मी जुन्या फायली काढल्या आणि राग गिळावा लागला. ‘सीमाभागातील मराठी रुग्ण’ हे शब्द आमचेच होते. कित्येक वर्षांपूर्वी पहिला अर्ज लिहिताना ‘हे काम आम्हीच का करावं?’ असा एक रकाना होता. तिथे आम्ही लिहिलं होतं की सीमाभागातल्या मराठी माणसाला आपल्या भाषेत आरोग्याची माहिती मिळत नाही. ते खरं होतं. पण यादीतल्या बाकीच्या रुग्णांबद्दल तिथे एक अक्षर नव्हतं. दरवर्षी अहवाल लिहिताना मागच्या वर्षीचा मजकूर उचलायचा आणि आकडे बदलायचे, असं चालत आलं. मंडळातली माणसं सज्जन आहेत. आम्ही जे वाचायला दिलं तेच त्यांनी मोठ्या अक्षरांत छापलं.

दुसरी चूक त्याहून मोठी, आणि तिचा राजकारणाशी संबंध नाही. त्या आठ जणांचे चेहरे दिसत होते. क्षयाचं नाव झालं की लग्न मोडतं, भाडेकरूला घर सोडायला लागतं, हे आम्ही इतरांना सांगत फिरतो. तरी पिशव्या वाटतानाचा फोटो आम्हीच काढला आणि आम्हीच पाठवला.

गप्प बसण्याचे तीन आठवडे

मग आम्ही घाबरलो. फेसबुकचं पान बंद केलं. रुग्ण आणि नातेवाइकांचे तीन व्हॉट्सअॅप ग्रुप होते, तिथे ‘काही दिवस मेसेज येणार नाहीत’ असं टाकून कुलूप लावलं. घरमालक म्हणाले, फलक काढून ठेवा, वातावरण निवळलं की लावू. काढला. एका ग्रामपंचायतीने सभेला हॉल नाकारला. तिथल्या पीडीओंनी, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांनी, तोंडावर काही म्हटलं नाही, किल्ली सापडत नाही एवढंच सांगितलं. खासबागेतल्या एका कन्नड कुटुंबाने अण्णांना विचारलं की यापुढे शेंगदाणे-गूळ-डाळीचं किट फक्त मराठी लोकांना मिळणार का. त्याचं उत्तर द्यायला आम्ही जाहीरपणे कुठेच हजर नव्हतो.

वर्तमानपत्रांत रोज नवी बातमी. १४ डिसेंबरला केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना बोलावून घेतलं. २२ डिसेंबरला कर्नाटकच्या विधानसभेने सीमाप्रश्नावर ठराव केला, २७ ला महाराष्ट्राच्या. ‘हे सगळं संपू दे, मग तोंड उघडू’ असं आम्ही रोज म्हणत होतो. सीमावाद १ नोव्हेंबर १९५६ पासून चालू आहे. केंद्राने या वादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा आणि सर्वोच्च न्यायालयातला महाराष्ट्राचा दावा २००४ चा. तो तीन आठवड्यांत संपेल असं मानून आम्ही बसलो होतो, याचं आज नवल वाटतं.

जानेवारीत पुन्हा घरोघर जायला लागलो तेव्हा जांबोटीकडच्या एका गावातली तरुण सून भेटली. तिने एकोणीस दिवस गोळ्या घेतल्या नव्हत्या. मळमळ व्हायची. गोळी कमी करायची का, दवाखान्यात जायचं का, हे तिला ग्रुपवर विचारायचं होतं, आणि ग्रुप बंद. गोळ्या मध्येच सोडल्या की जंतू औषधाला दाद देईनासे होतात, मग उपचार लांबतात आणि जास्त कठीण होतात. ती पुन्हा दवाखान्यात गेली, सगळं नव्याने तपासलं, पुढे बरी झाली. पण ‘तुम्ही बोलायचं बंद केलासा म्हणून मला वाटलं, झालं असेल आता’ हे तिचं वाक्य आमच्या त्या तीन आठवड्यांचा खरा हिशेब आहे. निंदेचा मेसेज फिरला त्याने तिचं काही बिघडलं नव्हतं. आमच्या मौनाने बिघडलं.

हवा बदलली होती ती कशी

जानेवारीच्या बैठकीत आम्ही आधी एवढंच केलं: गेल्या काही वर्षांत आमच्या भोवती काय काय बदललं ते मोठ्याने एकमेकांना सांगितलं. हे साधं काम आधी कधीच केलं नव्हतं.

पूर्वी बेळगावात कार्यक्रमाला कुणाला बोलवायचं याचं गणित सोपं होतं. महापालिकेत नगरसेवक मराठी गटाचा की कन्नड-उर्दू गटाचा, एवढंच बघायचं आणि दोघांनाही पत्रिका द्यायची. २०२१ ची महापालिका निवडणूक पहिल्यांदा पक्षांच्या चिन्हांवर झाली आणि ५८ पैकी ३५ जागा भाजपने जिंकल्या. भाषेची रेघ पुसली गेली नाही. तिच्यावर पक्षाची दुसरी रेघ आडवी पडली. आता मराठी नगरसेवकाला बोलावलं तरी ‘कुठल्या पक्षाचा?’ हा प्रश्न येतो. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बेंगळुरात शिवाजी महाराजांच्या पुतळ्याची विटंबना झाली, अनगोळात कित्तूरचे स्वातंत्र्यवीर संगोळ्ळी रायण्णांच्या पुतळ्याची मोडतोड झाली. आम्ही ज्या गल्ल्यांत किट घेऊन जायचो तिथे पोलीस बसले होते. तेव्हाही आम्ही ‘आपला काय संबंध’ म्हणून पुढे गेलो होतो.

मग मे २०२३ मध्ये राज्यात सरकार बदललं आणि बायकांच्या बैठकांचे विषयच बदलले. नव्या सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना २००० रुपये कसे मिळणार, नाव रेशनकार्डावर पहिलं लागतं का, बँकेचं खातं आधारला जोडलंय का. क्षयाबद्दल ऐकायला कुणी थांबेना. माझ्या सहकारी ताईंनी सुचवलं की आधी त्यांचे अर्ज भरून देऊ. अर्ज कन्नडमध्ये, खानापूरच्या मराठी बायकांना वाचता येत नाही. अण्णांनी आणि दोन मुलींनी ते समजावून द्यायला सुरुवात केली. त्या रांगेतच खोकल्याची चौकशी होऊ लागली. क्षयरुग्णाला सरकारकडून पोषणासाठी पैसे मिळतात तेही त्याच आधार जोडलेल्या खात्यात, त्यामुळे एकाच फेरीत दोन कामं व्हायची. सरकारी योजना आमची नव्हती, तिचं श्रेयही आम्ही घेतलं नाही, पण लोक जे ऐकायला आले होते त्याला धरून बोललं की पुढचं ऐकतात, एवढं आम्ही तिथे शिकलो.

त्याच वर्षी महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना लागू करायचं ठरवलं आणि कर्नाटक सरकारने हरकत घेतली. लोक आम्हाला विचारू लागले, ‘ते आपल्याला मिळतंय काय?’ शिबिर भरवायचा आग्रहही झाला. शिबिर आम्ही घेतलं नाही. पण विचारायला आलेल्या माणसाला दारातून परत पाठवायचं नाही, दोन्ही राज्यांच्या योजनांपैकी आम्हाला ठाऊक असेल ते सांगायचं, असं ठरलं. आजारी माणसाला पुढे करून कुठल्याही सरकारच्या बाजूने किंवा विरुद्ध उभं राहायचं नाही. माहिती मात्र लपवायची नाही. ही रेघ ओढायला बैठकीत दोन तास लागले आणि त्यात आवाज चढले.

सीमाभाग हा शब्द

पुण्याच्या मंडळाला मी पत्र लिहिलं, दोनदा फाडलं, तिसऱ्यांदा पाठवलं. त्यात म्हटलं की चूक आमच्या अहवालाची होती. यापुढे आम्ही ठिकाणाचं नाव ‘बेळगाव शहर आणि खानापूर तालुका, कर्नाटक’ असं लिहू, रुग्णांची ओळख भाषेने सांगणार नाही, चेहरे पाठवणार नाही. तुम्ही काही छापणार असाल तर आधी आम्हाला वाचायला द्या.

चिटणीसांचा फोन आला. दुखावले होते. म्हणाले, सीमाभाग म्हटलं की आमच्या सभासदांना आपलेपणा वाटतो, पैसे त्या आपलेपणाने येतात. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पुढच्या वर्षी मंडळाची रक्कम निम्म्याच्या खाली आली.

इथे थोडं माझं सांगते. मी या शब्दात वाढले आहे. १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांच्या दिनाच्या फेरीत आई मला कडेवर घेऊन जायची. घरी आजही मी सीमाभागच म्हणते आणि म्हणत राहीन. पण संस्थेच्या कागदावर तो लिहिला की ज्या पाच जणांनी त्या पिशव्या हातात घेतल्या होत्या त्यांना मी न विचारता एका बाजूला उभं करते. माझ्या आईचा शब्द मला त्यांच्या तोंडी घालता येणार नाही. हे पटायला मला वेळ लागला. आमच्यातल्या एका कार्यकर्तीला ते पटलं नाही आणि ती काम सोडून गेली. ती वाईट नव्हती, मला तिची उणीव अजून भासते.

गंमत अशी की दुसऱ्या बाजूनेही तेच आलं. बेंगळुरातल्या एका कंपनीच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या, निधीसाठी अर्ज केला तेव्हा त्यांनी सांगितलं की सगळं साहित्य कन्नड आणि इंग्रजीतच हवं. आम्ही लिहिलं की खानापूरच्या रुग्णाला मराठी आणि वडगावच्या मागावरच्या कामगाराला उर्दू लागते. त्यांनी पैसे कन्नड आणि इंग्रजी साहित्यापुरतेच दिले. मराठी पत्रकं विणकरांनी आणि बचतगटांच्या बायकांनी गोळा केलेल्या पैशांतून छापली. कुणाच्याही पैशावर सगळ्या भाषा चालत नाहीत, म्हणून कुठल्या भाषेचा खर्च कुणाकडून येतो हे आम्ही आता आधीच मांडून ठेवतो.

फलक

२०२२ च्या कन्नड भाषा समग्र विकास कायद्याने फलकांवर ६० टक्के कन्नड असावं असं सांगितलं. ते दुकानांपुरतं आहे असं बऱ्याच संस्थांना वाटत होतं, आम्हालाही. पण कायद्याच्या यादीत दुकानं, कारखाने, हॉटेलं, दवाखाने यांच्या बरोबरीने ट्रस्ट आणि सल्ला केंद्रंही आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये बेंगळुरात फलकांवरून मोर्चे निघाले, तोडफोड झाली. २०२४ च्या सुरुवातीला दुरुस्ती होऊन कन्नड मजकूर फलकाच्या वरच्या अर्ध्या भागात हवा असं ठरलं. आमचा फलक जुना, वर ठसठशीत मराठी, खाली बारीक इंग्रजी.

बैठकीत दोघांचं म्हणणं पडलं की मराठी काढूनच टाकू. कन्नड आणि इंग्रजी ठेवू, कटकट मिटेल. मला हे भित्रेपणाचं वाटलं, आणि कामाच्या दृष्टीने चुकीचंही. कायदा ६० टक्क्यांवर हक्क सांगतो. उरलेल्या ४० टक्क्यांतली मराठी तो पुसायला सांगत नाही. घटनेच्या २९ व्या कलमाने आपली भाषा आणि लिपी जपायचा हक्क प्रत्येक समूहाला दिला आहे. आणि मुख्य गोष्ट, वडगावची मराठी बाई तोंडाला पदर लावून आमचं दार शोधत येते. तिला पाटी वाचता आली पाहिजे. म्हणून इंग्रजी काढली. वर कन्नड, खाली मराठी, कोपऱ्यात उर्दूची एक ओळ.

रंगाचा विचारही तेवढाच करावा लागला. लाल-पिवळा म्हणजे कन्नड झेंडा, भगवा म्हणजे दुसरी बाजू. पेंटरने निळ्यावर पांढरी अक्षरं काढली.

दुपारी फलक चढला आणि संध्याकाळी आमचे एक जुने हितचिंतक आले. सत्तरी गाठलेले. दर दिवाळीला किटसाठी पैसे देत आलेले. जून १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात ते तरुण होते. १ जूनला गोळीबारात माणसं गेली, त्यातल्यांना ते ओळखत होते. हिंडलग्याच्या स्मारकावर ते दरवर्षी जातात.

‘मराठी खाली घातलासा?’ त्यांनी विचारलं. मी कायद्याचं सांगू लागले.

‘कायदा मला सांगू नकोस पोरी. शहाऐंशीला लाठ्या खाल्ल्या त्या हे बघायला?’

मला उत्तर सुचलं नाही. मी एवढंच म्हटलं की मलाही वाईट वाटलं. ते पाच मिनिटं उभे राहिले, फलक पुन्हा एकदा वाचला आणि निघून गेले.

आमची चूक फलकात नव्हती. पेंटर यायच्या आधी आम्ही वकिलांना भेटलो, घरमालकांना भेटलो, प्रभागातल्या कन्नड संघटनेच्या कार्यकर्त्यालाही मजकूर दाखवला. आणि ज्यांना तो फलक सर्वांत जास्त लागणार होता त्यांच्या घरी कुणीच गेलं नाही. विरोध करतील त्यांची समजूत आधी काढायची आणि आपल्या माणसांना गृहीत धरायचं, ही सवय फार खोल आहे. आज कुणी मला विचारलं की वातावरण बदलताना पहिला निरोप कुणाला द्यायचा, तर मी सांगेन, जो तुमच्या बाजूचा आहे आणि ज्याला दुखेल त्याला. आणि तो निरोप फोनवर द्यायचा नाही, घरी जाऊन द्यायचा.

पत्रकं कोण लिहितं

पूर्वी मी मराठीत पत्रक लिहायचे आणि कुणाकडून तरी त्याचं कन्नड करून घ्यायचे. अण्णांनी एकदा ते बैठकीत वाचून दाखवलं तेव्हा बायका हसल्या. ते पुस्तकी होतं, बेंगळुराकडच्या बातम्यांतल्यासारखं. आता कन्नड पत्रक अण्णाच मुळापासून लिहितात, बैलहोंगल-संपगावच्या बोलीत. मी मराठी लिहिते. वडगावच्या एक आपा दखनीत व्हॉइस मेसेज बोलतात, कारण त्यांच्या गल्लीत वाचणाऱ्यांपेक्षा ऐकणारे जास्त. तिन्हीतला मजकूर शब्दाला शब्द सारखा नसतो. आपा सुरुवात रमजानच्या उपासात गोळी कधी घ्यायची इथून करतात, अण्णा शेंगाच्या हंगामातल्या मजुरीपासून. तिन्हीत सारखी असते ती फक्त कामाची माहिती: दोन आठवडे खोकला, थुंकी तपासा, सहा महिने गोळ्या, सगळं मोफत, अमक्या वारी अमक्या ठिकाणी. कन्नड आणि मराठी, दोन्हींत ‘वार’ म्हटलेलं कळतं, तेवढी सोय.

अफवेला उत्तर द्यायचीही एक रीत बसवली. आरोप ज्या भाषेत आला त्याच भाषेत, त्याच दिवशी, ओळखीच्या माणसाच्या आवाजात. सीमावादावर एक शब्द नाही. आमच्याकडे कोण येतं, पैसे कुणाकडून येतात, शंका असेल तर कुठे येऊन बघायचं, एवढंच. गप्प बसायचं नाही. ग्रुप तर कधीच बंद करायचा नाही.

भिंतीवर आता एक दिनदर्शिका आहे. १ नोव्हेंबरला एका गल्लीत कर्नाटकाचा राज्योत्सव आणि दुसरीत मराठी माणसांचा काळा दिन. १७ जानेवारी, १ जून, डिसेंबरचं अधिवेशन, वैशाखातल्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक. या दिवसांत काम चालू ठेवायचं, पण फलक-मांडव घालून नवं काही सुरू करायचं नाही. २०२४ मध्ये १६ मार्चला लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि २४ मार्चचा जागतिक क्षयरोग दिन तिच्यात सापडला. मंचावर एकही पुढारी नाही, फक्त वैद्यकीय अधिकारी आणि बरा झालेला एक विणकर. कार्यक्रम इतका सुटसुटीत झाला की तेव्हापासून आचारसंहिता नसली तरी आम्ही पुढाऱ्यांना मंचावर बोलवत नाही. ते आले तर समोर बसतात. किटच्या पिशवीवर कुणाचाच फोटो नाही.

फेब्रुवारी २०२५

२१ फेब्रुवारीला बेळगावजवळ भाषेच्या वादातून एका बस कंडक्टरला मारहाण झाली. दोन्ही बाजूंच्या बसेस पुन्हा थांबल्या, बसेसना काळं फासणं सुरू झालं. आमचे काही रुग्ण तपासणीसाठी कोल्हापूर-मिरजेला जाणारे. त्याच रात्री तिन्ही भाषांत आवाज गेला: दवाखाना चालू आहे, गोळ्या मिळतील, बाहेरगावी जायचं असेल तर उद्या सकाळी आम्हाला विचारल्याशिवाय निघू नका. प्रत्येक रुग्णाच्या शेजारचा एक माणूस आम्ही आधीच ठरवून ठेवला होता. त्यांना फोन झाले.

तिसऱ्या दिवशी २०२२ चा तोच स्क्रीनशॉट पुन्हा फिरू लागला. मी अण्णांना फोन लावेपर्यंत खासबागच्या ग्रुपवर एकाने कन्नडमध्ये लिहिलं होतं की माझ्या बहिणीला यांनी सहा महिने किट दिलं, आम्ही मराठी नाही, शंका असेल त्याने आमच्या घरी यावं. डिसेंबर २०२२ मध्ये किट फक्त मराठी लोकांना मिळणार का, असं विचारणारं कुटुंब हेच.

२२ मार्चला कर्नाटक बंद होता, शनिवार. शनिवारच्या भेटी आम्ही शुक्रवारी उरकल्या. सोमवारी २४ मार्चचा कार्यक्रम ठरल्याप्रमाणे झाला.

सगळं जुळलं असं नाही. त्या ग्रामपंचायतीची किल्ली अजून सापडलेली नाही. आम्ही तिथे देवळाच्या कट्ट्यावर बसतो. कंपनीचा निधी पुढच्या वर्षी मिळेल का माहीत नाही. पुण्याच्या मंडळाने यंदा विचारलं आहे की निदान सभासदांच्या खाजगी पत्रात तरी सीमाभाग लिहू का. मी लिहिलं, ठिकाण म्हणून लिहा, रुग्णांना तेवढं त्याच्यात बांधू नका. त्यांचं उत्तर यायचं आहे.

आमचे ते हितचिंतक संस्थेत पाऊल टाकत नाहीत. दिवाळीला त्यांची सून पाकीट घेऊन येते, पैसे पूर्वीएवढेच. पावतीचं पुस्तक आता दोन भाषांत आहे. सून म्हणते, मामंजींची पावती मराठी बाजूवरच लिहा. मी त्यांच्या घरी दोनदा जाऊन आले. चहा झाला, क्षयाबद्दल, मागांबद्दल, पावसाबद्दल बोललो. फलकाचा विषय त्यांनी काढला नाही आणि मलाही काढवला नाही. गणपतीच्या आधी पुन्हा जाणार आहे.